एमएसची फाईल: दुखऱ्या डोळ्यापासून पांढऱ्या पट्ट्याच्या कार्डापर्यंत

मार्च २०२४ मध्ये माझा डावा डोळा दुखायला लागला आणि जून २०२५ मध्ये दिव्यांग कार्ड हातात आलं. या मधल्या काळात मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, या मेंदू आणि मज्जारज्जूच्या आजाराबद्दल मी मराठीत बरंच शोधलं. मिळायचं ते एक तर चार ओळींची व्याख्या, नाहीतर 'जिद्दीने मात केली' छापाची कहाणी. मला हवं होतं वेगळंच. कुठली तपासणी नेमकी काय बघते, किती खर्च येतो, कुठला कागद कुठे लागतो. म्हणून हे लिहितेय. मी सांगलीत एका पतसंस्थेत हिशेबाचं काम करते, वय ३४. डॉक्टर नाही. औषधाचं काय ते तुमच्या न्यूरॉलॉजिस्टला, म्हणजे मेंदू-मज्जातंतूंच्या डॉक्टरांनाच विचारा.

मार्चअखेर चालू होता. आमच्याकडे त्या दिवसांत डोळे दुखणं कुणी आजारात धरत नाही. पण हे दुखणं वेगळं होतं. बुबुळ बाजूला फिरवलं की मागून कळ यायची. दोन दिवसांत डाव्या डोळ्यासमोर, अगदी मधोमध, धुरकट डाग आला. ३० तारखेला रंगपंचमी. लेकीच्या हातातला लाल रंग उजव्या डोळ्याने लालभडक आणि डाव्याने विटकरी दिसला, तेव्हा मी घाबरले.

१ एप्रिलला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. डावी नजर ६/३६ भरली (चांगली नजर म्हणजे ६/६). त्यांनी बॅटरीचा झोत एका डोळ्यावरून दुसऱ्यावर असा आलटून पालटून टाकला. डाव्या डोळ्यावर झोत आला की बाहुली लहान होण्याऐवजी मोठी व्हायची. आतला पडदा मात्र स्वच्छ. त्यांनी सांगितलं की सूज डोळ्यात नाही, डोळ्यामागच्या नसेत आहे आणि याला ऑप्टिक न्यूरायटिस म्हणतात. मग विचारलं, "ताई, याआधी कधी हातापायाला मुंग्या, बधिरपणा?"

आलेल्या होत्या. २०२२ च्या पावसाळ्यात तळपायापासून कंबरेपर्यंत मुंग्या चढल्या होत्या आणि पोटाभोवती कुणी पट्टा आवळल्यासारखं वाटायचं. तेव्हा हातापायाच्या नसांची एनसीव्ही तपासणी झाली, ती नॉर्मल आली. बी-१२ थोडं कमी होतं, इंजेक्शनं झाली आणि महिन्याभरात सगळं थांबलं. बी-१२ मुळेच थांबलं असं सगळे धरून चालले. नंतर कळलं की एनसीव्ही बघते त्या हातापायांतल्या नसा, आणि एमएस त्यांना हात लावत नाही. त्याचं क्षेत्र मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्याची नस. या तीन ठिकाणच्या मज्जातंतूंवरचं मायलिनचं वेष्टण ऑलिगोडेन्ड्रोसाइट नावाच्या पेशी तयार करतात. हातापायांतलं वेष्टण श्वान पेशींचं असतं. एमएसचा रोख पहिल्या प्रकारावर. म्हणजे २०२२ चा तो नॉर्मल रिपोर्ट चुकीचा नव्हता, तो भलत्याच जागेचा होता.

मिरजेच्या न्यूरॉलॉजिस्टची वेळ दोन दिवसांनी मिळाली. फी १,००० रुपये. त्यांनी पायाच्या तळव्यावर किल्लीने रेघ ओढली, डोळे मिटून उभं केलं, एका रेषेत टाचेला चवडा लावून चालवलं. मग मान खाली वाकवायला सांगितली. वाकवली आणि पाठीच्या कण्यातून पायापर्यंत करंट गेला. तो करंट मला कित्येक महिने येत होता, रजिस्टरवर वाकलं की. मानेचा मणका म्हणून मी शेकत होते. त्यालाही नाव आहे म्हणे, लेर्मिटचं लक्षण. मानेतल्या मज्जारज्जूवरचं वेष्टण गेलं असेल, तर तिथला उघडा तंतू वाकताना ताणला जातो आणि आपणहून संदेश सोडतो.

त्यांनी केसपेपरच्या मागे काढून दाखवलं ते मला जसं कळलं तसं सांगते. मज्जातंतूवर मायलिन सलग नसतं, तुकड्यातुकड्यांनी असतं. दोन तुकड्यांमध्ये बारीक उघडी फट. संदेश फटीवरून फटीवर उडी मारत जातो. विनाथांबा एसटी जशी मोजक्या स्टँडांवरच थांबते, तसा. मायलिन उडालं की तीच गाडी प्रत्येक फाट्यावर थांबायला लागते, आणि पट्टा मोठा उडाला असेल तर मध्येच बंद पडते. जाड मायलिन असलेला तंतू सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास वेगाने संदेश नेऊ शकतो. मुळातच मायलिन नसलेल्या बारीक तंतूंमध्ये तो वेग सेकंदाला एक-दोन मीटर.

हे मायलिन आपल्याच प्रतिकारशक्तीच्या पेशी खातात. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक कडक अडसर असतो, तो ओलांडून टी आणि बी नावाच्या पांढऱ्या पेशी आत शिरतात, सूज आणतात, वेष्टण सोलतात. सूज उतरल्यावर तिथे व्रण राहतो. पॅरिसच्या शार्को नावाच्या डॉक्टरांनी १८६८ मध्ये या आजाराचं नीट वर्णन केलं, ते मेंदूतले असले कडक चट्टे पाहूनच.

एमआरआय सांगितला तो मेंदू आणि पूर्ण मणक्याचा, कॉन्ट्रास्टसह, म्हणजे ताजे डाग उजळवणारं औषध शिरेतून देऊन. खाजगी सेंटरला १४,५०० रुपये. आधी रक्तातलं क्रिएटिनिन लागतं, कारण कॉन्ट्रास्टचं औषध मूत्रपिंडातून बाहेर पडतं. तो रिपोर्ट सोबत नेला तर एक फेरी वाचते. मंगळसूत्र, पिना, जोडवी घरीच काढून जा. माझी जोडवी निघता निघेनात आणि मागचे पेशंट खोळंबले. यंत्रात तास-सव्वा तास गेला. आवाज कानठळ्या बसवणारा असतो. हातात एक फुगा देतात, नको वाटलं तर तो दाबायचा. मी डोळे आत जाण्याआधीच मिटून घेतले होते, त्याचा उपयोग झाला.

एक काम आवर्जून करा. फिल्म मिळतेच, पण सीडी मागून घ्या. पुण्याला दुसरं मत घ्यायला गेले तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी फिल्मकडे बघितलंही नाही.

रिपोर्टमध्ये मेंदूतल्या पोकळ्यांच्या कडेला लांबट डाग होते, मानेच्या मज्जारज्जूत एक आणि पाठीच्या भागात एक. यातला एकच डाग कॉन्ट्रास्टने उजळला होता. हा मुद्दा मला फार उशिरा उमगला, म्हणून सविस्तर सांगते. एमएस ठरवायला डॉक्टर दोन गोष्टी शोधतात: इजा वेगवेगळ्या जागी आहे का आणि ती वेगवेगळ्या वेळी झाली आहे का. मॅकडोनाल्ड निकष म्हणतात ते हेच. माझ्या वेळी २०१७ ची आवृत्ती लावली. उजळलेला डाग म्हणजे ताजा, साधारण गेल्या काही आठवड्यांतला, कारण तिथला अडसर अजून गळका आहे. न उजळलेले जुने. एकाच एमआरआयमध्ये जुने आणि ताजे दोन्ही दिसले, म्हणजे वेळेचा पुरावाही त्यातच मिळाला. दोन वर्षांपूर्वीच्या मुंग्यांचा डाग पाठीच्या भागात शांत बसलेला होता.

आणखी एक. डागांची संख्या आणि त्रास यांचा मेळ बसत नाही. मेंदूतल्या बऱ्याच डागांनी मला काहीच त्रास दिला नव्हता. डोळ्याच्या नसेत किंवा मज्जारज्जूत मात्र सगळे तंतू चिंचोळ्या जागेतून जातात, तिथे इवलासा डागही माणसाला हलवतो. रिपोर्टमधले डाग मोजून रडत बसू नका. मी एक अख्खी रात्र तेच केलं.

त्याच आठवड्यात मिरजेत भरती होऊन मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सलाइनमधून घेतलं, रोज एक ग्रॅम, तीन दिवस. तोंडात धातूची चव, रात्रभर झोप नाही, गाल सुजलेले, आणि भूक अशी की नवरा दवाखान्याबाहेरून दोनदा वडापाव घेऊन आला. स्टेरॉइडने सूज लवकर उतरते. पण शेवटी नजर किती परत येणार, हे त्याने फारसं बदलत नाही, असं डॉक्टरांनी आधीच स्पष्ट सांगितलं. मला हा सरळपणा आवडला.

कॅशलेसला अडचण आली. केसपेपरवर 'दोन वर्षांपूर्वी मुंग्यांचा इतिहास' असं लिहिलं होतं, आणि विमा कंपनीने 'आजार आधीपासून होता का' अशी शंका काढली. आमची पॉलिसी २०१७ पासून सलग चालू होती, मुंग्या २०२२ च्या. पहिल्या वर्षाचा पॉलिसीचा कागद आणि दरवर्षीच्या नूतनीकरणाच्या पावत्या दिल्यावर मंजुरी आली, पण डिस्चार्जच्या दिवशी संध्याकाळपर्यंत आम्ही काउंटरसमोर बसून होतो. सलग ६० महिने झालेल्या पॉलिसीवर, फसवणूक सोडली तर, विमा कंपनीला लपवाछपवीचा आक्षेप घेता येत नाही, हा नियमही तेव्हाच कळला. जुने कागद टाकू नका. आणि डॉक्टरांना इतिहास खरा सांगा, फक्त तारखांसह लिहायला लावा.

यानंतर दोन तपासण्या राहिल्या होत्या. पहिली व्हीईपी, १,२०० रुपये. डोक्याला वायरी चिकटवून समोरच्या पडद्यावर बुद्धिबळाच्या पटासारखे काळे-पांढरे चौकोन उलटसुलट होताना बघायचे. एक डोळा झाकून. डोळ्याने बघितलेलं मेंदूच्या मागच्या भागात पोचायला किती वेळ लागतो, ते यंत्र मोजतं. साधारण १०० मिलिसेकंदांना एक उंचवटा यायला हवा. माझ्या उजव्या डोळ्याचा १०४ ला आला, डाव्याचा १३८ ला. केस धुवून, तेल न लावता जा.

दुसरी पाठीतलं पाणी काढण्याची. घरात सगळ्यात जास्त विरोध याला झाला. सासूबाई म्हणाल्या, "पाठीत सुई घालून घेऊ नको बाई, जन्माची अधू होशील." हीच भीती मलाही होती, म्हणून डॉक्टरांना तोंडावर विचारलं. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो आणि सुई त्याच्या बरीच खाली, तिसऱ्या-चौथ्या मणक्याच्या आसपास जाते. तिथे फक्त पाण्यात तरंगणारी मुळं असतात. कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन वळकटी व्हायचं. भूल दिल्यावर दुखलं नाही, दाब जाणवला. नंतर दोन-तीन दिवस बसलं की डोकं फुटायचं आणि आडवं झालं की थांबायचं. भरपूर पाणी, कॉफी आणि झोपून राहणं. ऑफिसची रजा त्या हिशेबाने टाका.

या पाण्यात ऑलिगोक्लोनल बँड शोधतात, म्हणजे मज्जासंस्थेच्या आतच बनणारी प्रतिपिंडं. त्याच वेळी रक्ताचाही नमुना लागतो, कारण हे बँड पाण्यात आहेत आणि रक्तात नाहीत, हे दाखवायचं असतं. आमच्याकडचा नमुना मुंबईला गेला, रिपोर्टला दहा-बारा दिवस लागले, खर्च ६,००० च्या आसपास. सोबत रक्तातून एक्यूपी-४ आणि एमओजी या प्रतिपिंडांची तपासणी, ७,५०० रुपये. ही टाळू नका. एनएमओ नावाचा एक आजार एमएससारखाच दिसतो, तोही डोळ्याची नस आणि मज्जारज्जू धरतो, पण त्याची औषधं वेगळी. एमएसची काही औषधं एनएमओ वाढवतात.

बँड सापडले, बाकी दोन निगेटिव्ह. १० मे रोजी फाईलवर निदान लिहिलं गेलं. अक्षयतृतीया होती त्या दिवशी, आणि वहिनीने सोनं घेतल्याचा फोटो आलेला. मी फोटोला अंगठा दाखवला आणि बाथरूममध्ये जाऊन रडले.

मग सुरू झाला 'कशामुळे?' हा प्रश्न. जागरणं, स्क्रीन, कुणाची नजर, लसीपासून मोबाइल टॉवरपर्यंत सगळं झालं. त्यातलं जे खरं आहे ते एवढं. २०२२ मध्ये अमेरिकी सैन्यातल्या एक कोटीहून जास्त लोकांच्या नोंदी आणि साठवलेलं रक्त यांवरून एक मोठा अभ्यास आला. एपस्टीन-बार विषाणूचा संसर्ग झाल्यावर एमएसचा धोका ३२ पट वाढलेला त्यात दिसला. पण हा विषाणू जगातल्या बहुतेक प्रौढांच्या अंगात असतोच, आणि त्यातल्या अगदी थोड्यांना एमएस होतो. अनुवंश, ड जीवनसत्त्व, धूम्रपान यांचाही वाटा असतो. मला पटलेलं उत्तर मी सासूबाईंना दिलं: कुणी काही केलेलं नाही.

मेअखेरपर्यंत नजर ६/६ झाली. घरातल्यांनी पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. आणि याच वेळी डॉक्टर म्हणाले, आता रोजची गोळी सुरू करायची, अनेक वर्षं. बरं झाल्यावर गोळी कशाला, हे मलाही पटेना. त्यांनी सांगितलं ते असं. बरं वाटणं तीन प्रकारे येतं: सूज उतरते, उघड्या तंतूवर संदेश पुढे नेणाऱ्या सोडियमच्या नव्या वाटा पसरतात, आणि काही ठिकाणी पुन्हा मायलिन बनतं, पण पातळ. मात्र प्रत्येक सुजेत काही तंतू आतूनच तुटतात, अगदी आजाराच्या सुरुवातीलाही, आणि तुटलेला तंतू परत उगवत नाही. मेंदू शेजारच्या वाटांनी काम भागवत राहतो, म्हणून वर्षानुवर्षं बाहेर काही दिसत नाही. शिल्लक संपली की मग दिसतं. आम्हा हिशेबवाल्यांना एवढं पुरतं.

पुरावाही होता. सहा महिन्यांनी पुन्हा व्हीईपी केली. नजर ६/६, आणि डावा डोळा अजूनही १२६ वर. संध्याकाळी विश्रामबागला रस्ता ओलांडताना समोरून येणारी मोटारसायकल मला थोडी वळून आल्यासारखी वाटते, अंतर चुकतं. एका डोळ्याची बातमी उशिरा पोचते आणि मेंदू दोन्ही जोडताना घोटाळा करतो, त्याचा हा परिणाम. मी आता सिग्नललाच ओलांडते.

औषधाची निवड करताना पुण्याच्या डॉक्टरांनी सगळ्यात आधी विचारलं, अजून मूल हवंय का, कारण काही गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत. त्यानंतर पैशाचं विचारलं. सहा महिन्यांनी सलाइनमधून घ्यायचं रिटुक्सिमॅब हाही पर्याय होता. आपल्याकडे ते बरंच वापरतात. माझा आजार बघून डायमिथाइल फ्युमरेट ठरलं. आधी टीबी, हिपॅटायटिस, कांजिण्यांची प्रतिपिंडं आणि पांढऱ्या पेशी तपासल्या. पहिला आठवडा १२० मिलिग्रॅम दोनदा, मग २४० दोनदा. भारतीय कंपन्यांच्या कॅप्सूल मिळतात. मला महिना साडेचार हजारांच्या आसपास पडतात, आणि हे ओपीडी औषध असल्यामुळे विमा एक रुपया देत नाही. घेतल्यावर अर्ध्या तासात चेहरा, मान, कान लालबुंद होतात. ऑफिसात पहिल्यांदा झालं तेव्हा शिपाईमामांनी पंखा वाढवला. रिकाम्या पोटी अजिबात नको. चहा-बिस्किटावर पोटात पेटतं, भाकरी-पिठल्यावर किंवा दहीभातावर सोसतं. दोन महिन्यांत हे कमी झालं. दर तीन महिन्यांनी लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींची मोजणी मात्र चुकवायची नाही. त्या फार खाली गेल्या तर मेंदूच्या एका गंभीर संसर्गाचा धोका असतो.

उन्हाळा हा वेगळाच विषय. सांगलीत एप्रिल-मेमध्ये दुपारी बाहेर पडले, किंवा कढत पाण्याने आंघोळ केली, की डावा डोळा पुन्हा धुरकट. पहिल्यांदा मी थेट मिरज गाठलं. अंगाचं तापमान अर्धा अंश वाढलं तरी पातळ मायलिनच्या तंतूतून संदेश अडतो. गार झालं की अर्ध्या तासात पूर्ववत. नवी इजा नसते. नवा झटका म्हणायचा तो लक्षण २४ तासांपेक्षा जास्त टिकलं आणि अंगात ताप किंवा लघवीचा संसर्ग नसला तर. हे वाक्य मी फ्रिजवर चिकटवलंय. ओला पंचा मानेवर, कोमट पाण्याची आंघोळ, आणि मॅनेजरसाहेबांना पत्र देऊन काउंटरवरून आतल्या एसीच्या टेबलावर बदली. त्या पत्रावरून एक सहकारी बाई म्हणाल्या, "काय झालंय गं तुला? धडधाकट दिसतीस की." वाईट मनाने नव्हे. त्यांना दिसत होतं ते खरंच होतं.

दिव्यांग कार्डाचा अर्ज मी जानेवारी २०२५ मध्ये केला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मल्टिपल स्क्लेरोसिस नाव घेऊन आहे. हे अनेकांना, अर्ज भरून देणाऱ्या केंद्रांनाही, ठाऊक नसतं. स्वावलंबन या दिव्यांग कार्डाच्या सरकारी पोर्टलवर आधार, फोटो, सही, पत्ता आणि वैद्यकीय कागद चढवायचे, प्रकार यादीतून निवडायचा आणि तपासणीचं सरकारी रुग्णालय निवडायचं. फाईलचा आकार मर्यादित असतो, म्हणून डिस्चार्ज समरी आणि एमआरआय रिपोर्टचं शेवटचं पानच ठेवलं. पोचपावतीची छापील प्रत जवळ ठेवा. अर्जाला फी नाही.

तपासणीला ठरलेल्या वारी बोलावतात आणि गर्दी सकाळी सातपासून. मला पहिल्यांदा न्यूरॉलॉजीचे डॉक्टर नाहीत म्हणून परत पाठवलं, नंतर जुन्या एमआरआयऐवजी ताजा मागितला. शेवटी बोर्डासमोर उभी राहिले तेव्हा मार्चची थंड सकाळ होती, झोप झालेली, पाय हलके. त्यांनी ताकद, चाल, नजर तपासली. तिन्ही ठीक. थकवा, ऊन, मागे पडणारा डोळा यांपैकी काही त्या सकाळी दाखवता येण्यासारखं नव्हतं. मी व्हीईपीचे दोन्ही रिपोर्ट आणि न्यूरॉलॉजिस्टचं पत्र पुढे ठेवलं. एका डॉक्टरांनी ते शांतपणे वाचलं, हे नमूद करते.

टक्केवारी ४० च्या खाली आली. कार्डाला पांढरा पट्टा. ४० पासून पिवळा, ८० पासून निळा. ४० च्या खाली आयकरातली ७५,००० ची वजावट मिळत नाही, नोकरीतलं आरक्षणही नाही. मग कार्ड कशाला, असं नवऱ्याने विचारलं. आज नोंद झाली म्हणजे उद्या टक्केवारी बदलली तर फेरतपासणीला सुरुवातीपासून सगळं सिद्ध करावं लागणार नाही, असं मला वाटतं. प्रमाणपत्र तात्पुरतं आहे, मुदत संपली की पुन्हा जायचं.

मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही १९८५ पासूनची संस्था आहे, तिची पुण्यात शाखा आहे. नुकतंच निदान झालेल्यांनी तिथे फोन करावा. फिजिओथेरपीपासून औषधं कुठे स्वस्त मिळतात इथपर्यंत, डॉक्टरांना विचारायला संकोच वाटतो ते तिथे विचारता येतं.

मे २०२५ मधल्या वार्षिक एमआरआयमध्ये नवा डाग नाही. पुढचा २०२६ च्या मेमध्ये, त्याच सेंटरला, त्याच यंत्रावर करायला सांगितलंय, म्हणजे जुन्याशी ताडून बघता येतं. क्रिएटिनिन आदल्या दिवशी, सीडी आठवणीने. जोडवी आता मी घालतच नाही.